दार कुठे आहे?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराचा नवा नकाशा धाकट्या भावानं पाठवला, तेव्हा मी एका कादंबरीच्या हिंदी अनुवादात ‘माजघर’ या शब्दापाशी अडले होते. ‘अंदर का कमरा’ लिहिलं आणि खोडलं. नकाशात हा प्रश्न सुटलेला होता, कारण माजघरच उरलं नव्हतं. ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर या तिघांच्या जागी एक लांबरुंद चौकोन होता. त्यावर लिहिलं होतं, फॅमिली स्पेस.

“ताई, आई आत एकटी पडते गं. सगळे एकत्र बसू,” असं भावाचं म्हणणं. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. नूतनीकरणालाही विरोध नाही. संडास परसात आहे आणि आईचे गुडघे गेलेत. वाळवी लागलेले वासे बदलायलाच हवेत. माझं भांडण ‘मोकळं घर’ या शब्दांशी आहे. ओपन प्लॅनचा हा अनुवाद मूळ अर्थ लपवतो.

आधी लाकडाबद्दल बोलू. आमच्यासारख्या घरात आतला भार खांब आणि तुळया पेलतात. मधली भिंत बहुधा नुसता आडोसा असतो, म्हणून ती पाडणं सोपं वाटतं. पण दोन खांबांमधलं अंतर, म्हणजे खण, लाकडाच्या ताकदीवर ठरलेला असतो. मधला खांब काढला की तुळई वाकू लागते, मग लोखंडी गर्डर आणावा लागतो. उंची दिसावी म्हणून माळा काढला की तापलेल्या कौलांची धग थेट डोक्यावर येते. इतकी वर्षं ती माळ्याच्या फळ्यांनी अडवलेली असते. मग एसी लावायचा, आणि त्याचा गारवा टिकावा म्हणून कौलांखालच्या फटी बुजवायच्या. त्याच फटींतून वारा खेळत असतो आणि पावसाळ्यानंतर लाकूड सुकत असतं. मोकळं करायला घेतलेलं घर असं बंद डब्यापाशी येऊन थांबतं.

यावर मला एक उत्तर मिळतं, आणि ते हलकं नाही. जुन्या घराच्या भिंती निष्पाप होत्या का? नव्हत्या. कोणी अंगणात थांबायचं, कोणी पडवीपर्यंत यायचं, कोणाला ओटीवर बसवायचं, हे सगळं जातीवर ठरत होतं. माजघराच्या अंधारात बायकांची आयुष्यं सरली. पाळीचे दिवस, बाळंतपण, वैधव्य, प्रत्येकासाठी वेगळा कोपरा नेमलेला होता. त्या अंधाराचं मी कौतुक करणार नाही. जुन्या घरांवर हळवे लेख लिहिणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

पण नव्या नकाशात हे खरंच मोडलंय का? मी तो पुन्हा नीट पाहिला. त्या एवढ्या मोकळ्या घरात न्हाणीघरं आणि झोपायच्या खोल्या सोडून एकच दार होतं. ते मागच्या बाजूला, भांडी घासायच्या जागेत, थेट बाहेरून उघडणारं. म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींनी फॅमिली स्पेसमध्ये पाऊल न टाकता यावं आणि जावं. कुटुंबातल्या भिंती पडल्या, मावशींपुढची तेवढी नव्यानं बांधली गेली. आर्किटेक्टनं या जागेला नाव दिलंय, युटिलिटी.

ही कल्पना आली कुठून तेही पाहावं. फ्रँक लॉइड राइटनं १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मध्यमवर्गासाठी ‘युसोनियन’ घरं आखायला घेतली. त्यांत स्वयंपाकाची जागा बैठकीला जोडलेली होती, कारण घरात नोकर नसणार हे गृहीत होतं. निजायच्या खोल्या मात्र वेगळ्या बाजूला होत्या आणि त्यांना दारं होती. आपण त्यातलं गृहीतक सोडलं आणि देखावा उचलला. भाकऱ्या थापणारी बाई तीच राहिली. आता ती थापताना सगळ्यांना दिसते, एवढाच फरक. पूर्वी कंटाळा आला तर ती दार लोटून घ्यायची. आता तिनं हसतमुख राहायचं, कारण समोर सोफा आहे.

नकाशा मी आईला दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “अगं, यात दार कुठे आहे?”

बाबा गेले त्या दिवशी ओटीवर गाव जमलं होतं. आई माजघरात गेली, दार लोटलं आणि तासभर एकटी बसली. कोणी हाक मारली नाही. बाहेर आम्ही होतो, आणि आम्ही आहोत हे तिला ऐकू येत होतं. एकत्र कुटुंबात एकटं राहता येण्याची ही सोय होती. बायकांना दिलेल्या अंधाऱ्या जागेतून बायकांनीच ती कमावली होती. अंधार घालवायचा तर खुशाल घालवा, पण त्याच्याबरोबर ही कमाईही राडारोड्यात टाकू नका.

अंधार घालवायला भिंत पाडावी लागतही नाही. छपरात चार काचेची कौलं बसवली की माजघरात दुपारभर उजेड राहतो. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये घडीचं लाकडी दार घाला. गणपतीत ते पूर्ण उघडेल, एरवी आईच्या मनाप्रमाणे. संडास आत घ्या. मागचं वेगळं दार बुजवा, मावशी पुढच्या दारानं येतील. आणि स्वयंपाकघर मोकळं करायचंच असेल तर आधी भावानं आणि मेव्हण्यांनी ओट्यापाशी उभं राहावं. त्याला गर्डर लागत नाही.

या सूचना नकाशावर पेन्सिलीनं लिहून मी परत पाठवल्या आहेत. भावाचं उत्तर अजून आलेलं नाही. हिंदीत ‘माजघर’ हा शब्द मी तसाच ठेवला आहे. वाचणाऱ्याला थोडं अडखळू दे. घराचं काम दिवाळीनंतर सुरू होणार आहे. तोवर भांडायला वेळ आहे.