गिअरवाली की बिनगिअरची?

मैत्रिणींनो, आपल्या ओळखीतल्या किती जणींकडे चारचाकीचं लायसन्स आहे ते जरा मोजून बघा. मग त्यातल्या किती जणी खरोखर गाडी चालवतात तेही मोजा. पहिला आकडा बऱ्यापैकी निघेल, दुसरा एका हाताच्या बोटांवर मावेल. बाकीच्यांची लायसन्सं कपाटात पॅन कार्डाशेजारी सुखाने नांदताहेत!

कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "अगं, तो क्लच काही मला जमत नाही. ऑटोमॅटिक घेतली की चालवीन." आणि घरातले जाणकार म्हणतात, "ऑटोमॅटिक चालवणं हे काय ड्रायव्हिंग आहे? ती बायकांची गाडी." या दोन वाक्यांच्या मध्ये ड्रायव्हरची सीट काही आपल्याला मिळत नाही.

हा वाद आपल्याला नवा नाही बरं का. 1972 साली लूना आली, 1980च्या दशकात कायनेटिक होंडा आली, पुढे स्कूटी आणि ॲक्टिव्हा. घरातल्या चेतकच्या किकशी आणि गिअरशी झटापट न करता बायका कामाला, बाजाराला, मुलांच्या शाळेत जायला लागल्या. तेव्हाही नाकं मुरडली गेलीच. आज त्याच बिनगिअरच्या स्कूटरवर घरातले पुरुषही खुशाल फिरतात. तेव्हा बिनगिअरची म्हणजे कमी प्रतीची, हे मनातून काढून टाका.

चारचाकीत हा बदल जरा उशिरा आला. पूर्वी ऑटोमॅटिक म्हणजे महागडी, पेट्रोल जास्त पिणारी गाडी. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओत एएमटी आली आणि छोट्या गाड्यांमध्येही ही सोय मिळायला लागली. एएमटी म्हणजे गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. म्हणूनच गिअर बदलताना तिला थोडासा झटका बसतो. गाडी बिघडली असं समजून घाबरू नका. इलेक्ट्रिक गाड्यांत तर क्लच नसतोच.

आता कायद्याचं. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं. आपल्याकडे दुचाकीला गिअरची आणि विनागिअरची असे वेगळे वर्ग आहेत, पण मोटारीला तसा भेद नाही. लायसन्स एकच. अर्थात कागदावर चालतं म्हणून सराव नसताना गिअरची गाडी रस्त्यावर काढायची नाही!

मग शिकायचं कशावर? माझं मत स्पष्ट आहे. उद्या जिची किल्ली तुमच्या हातात येणार आहे, त्या गाडीवर. दारात गिअरची गाडी असेल आणि पुढची पाच वर्षं तीच राहणार असेल, तर "ऑटोमॅटिक आली की बघू" हा निव्वळ बहाणा आहे. रात्री दोन वाजता सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं, मिस्टर परगावी, रिक्षा मिळत नाही, तेव्हा दारात उभी असलेली गाडीच कामाला येणार. ती चालवता आली पाहिजे.

आणि क्लच म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या मोकळ्या मैदानात जा. पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, क्लच अगदी हळूहळू सोडा. गाडी जिथे थरथरून पुढे सरकायला लागते तो हाफ क्लच. दहा-वीस वेळा करा, पायाला आपोआप कळतं. चढावर हँडब्रेक ओढून थांबा, हाफ क्लचला गाडीने ओढ घेतली की मगच हँडब्रेक सोडा. मोटार ट्रेनिंगच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. पुष्कळदा क्लच तेच दाबत असतात आणि आपल्याला वाटतं, आपण शिकलो! थोडा हात बसला की मोकळ्या मैदानात त्यांना स्पष्ट सांगा, "सर, आता पाय बाजूला घ्या."

नवीन गाडी घ्यायची असेल आणि ती तुम्हीही चालवणार असाल, तर मात्र ऑटोमॅटिकचा आग्रह बेधडक धरा. गुडघे दुखत असतील, रोज गर्दीतून जायचं असेल तर नक्कीच. पैसे थोडे जास्त जातात, पण गाडी घरातल्या दोघांनी वापरली तर ते वसूलच होतात. फक्त तिच्याही सवयी शिकाव्या लागतात. उजवा पायच ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींसाठी, डावा पाय स्वस्थ. डीवर टाकण्याआधी ब्रेक दाबलेला हवाच, कारण बऱ्याच गाड्या ब्रेक सोडताच आपोआप सरकतात. घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणं हा खरा धोका. म्हणून पहिले काही दिवस मैदानातच काढा. कुंभार्लीसारखा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, नुसत्या ब्रेकवर उतरायचं नाही. हा नियम दोन्ही गाड्यांना सारखाच.

खरं सांगायचं तर अनेक जणींची गाडी क्लचमुळे सुटलेली नसते. एकदा चौकात गाडी बंद पडते, मागून हॉर्न वाजतात, शेजारी बसलेले अहो ओरडतात, "ऊठ, मी घेतो!" आणि आपण उठतो. तिथे उठायचं नाही. गाडी नव्या ड्रायव्हरची बंद पडतेच, पुरुषांचीही पडली होती. शांतपणे पुन्हा स्टार्टर मारायचा. ओरडणाऱ्याला मागच्या सीटवर बसवा, नाहीतर धीराने शिकवणारी बहीण-मैत्रीण सोबत घ्या.

तेव्हा ते लायसन्स कपाटातून बाहेर काढा. मुदत संपली असेल तर नूतनीकरण करून घ्या. पुन्हा हात बसेपर्यंत कुणाला तरी शेजारी बसवा. मग एक दिवस किल्ली घ्या आणि एकट्याच भाजी आणायला जा.