उठून जाऊ न शकणारं गिऱ्हाईक: जेलच्या किचनकडून टिफिनवाल्यांनी काय शिकावं?

टिफिन, मेस किंवा कंपनी कॅन्टीनचा धंदा सुरू करायचा विचार करताय ना? मग आज जरा वेगळ्या किचनबद्दल बोलू. जेलच्या किचनबद्दल. व्हिडिओमध्ये मी याचा ओझरता उल्लेख केला, तर लगेच दोन आक्षेप आले. एक, "गुन्हेगारांच्या जेवणाची चर्चा कशाला?" दोन, "तिकडे सरकारी पैसा, स्वस्त मजूर, स्पर्धा शून्य. आम्ही त्यातून काय शिकायचं?"

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर १०० कैद्यांपैकी ७५ हून जास्त कच्चे कैदी होते. म्हणजे खटला अजून चालूच आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही. आणि सिद्ध झाला तरी शिक्षा कोंडून ठेवायची असते, आंबलेल्या डाळीची नसते.

दुसरा आक्षेप मात्र धंद्याचा आहे. त्यावर माझं मत स्पष्ट आहे: स्पर्धा नाही, म्हणूनच तिथून शिकायचं.

हॉटेलात भाजी खारट झाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येत नाही. बाजारच तुमचा कान पिळतो. जेलमध्ये खाणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, आणि खाणारा उठून जाऊ शकत नाही. आता आपल्याकडे बघा. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या कंपन्यांत जेवणाची ऑर्डर ऑफिसवाले देतात, जेवतो कामगार. हॉस्टेल, आश्रमशाळा, हॉस्पिटल, सगळीकडे तेच. ऑर्डर देणारा रेट बघतो, ताटात काय पडलं ते बघत नाही. अशा ठिकाणी दर्जा फक्त तुमच्या सिस्टिमवर टिकतो. तीन गोष्टी सांगते.

१. मोजणी

जेलमध्ये रेशन डोक्यांच्या संख्येवर निघतं. आज किती बंदी आत, किती कोर्टाच्या तारखेला गेले, किती नवे आले, त्यावर डाळ-तांदूळ तोलून देतात. समजा, ३,००० माणसं आहेत. एका वेळच्या डाळीत माणशी फक्त १० ग्रॅमचा फरक पडला, तर दोन वेळचे मिळून दिवसाला ६० किलो, महिन्याला १,८०० किलो! तो फरक कोणाच्या तरी ताटातून जातो किंवा तिजोरीतून.

तुमचे ६० डबे असतील तर तोच १० ग्रॅम दिवसाला ६०० ग्रॅम होतो, २६ दिवसांचे १५.६ किलो. डाळ १५० रुपये किलो धरली तरी २,३४० रुपये. वटारला माझ्या दुकानात महिन्याचं सामान न्यायला येणाऱ्या ताई किलोमागे दोन रुपयांसाठी छान घासाघीस करतात. पण "एका डब्याला डाळ किती ग्रॅम?" विचारलं की म्हणतात, "अंदाजाने टाकते." नफा तिथेच सांडतो.

आणि मोजणी फक्त नफ्यासाठी नसते. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. त्या वादातून एका महिला बंदीला मारहाण झाली आणि त्यात तिचा जीव गेला, असा आरोप आहे. सहा जेल कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. दोन अंडी, पाच पाव! वाटणारी बाई यंत्रणेत सगळ्यात खाली होती, जाब तिलाच विचारला गेला.

आपल्याकडे इतकं टोकाला जात नाही. पण चार डबे कमी पडले की शिव्या कोणाला बसतात? पगार कोणाचा कापला जातो? डबे भरणाऱ्या मावशीचा किंवा पोरग्याचा. म्हणून लिहून ठेवा: किती बनवलं, कोणी भरलं, कोणी नेलं, कोणी घेतलं. प्रत्येक टप्प्यावर सही. आणि ६० डब्यांमागे दोन जास्तीचे धरूनच रेट काढा. कमी पडलं की आधी वही बघायची, माणसावर ओरडायचं नाही.

२. वेळ

संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या आधी जेवण वाटावं लागतं. म्हणून जेलमध्ये रात्रीचं जेवण पाचच्या सुमाराला हातात येतं आणि बरेच जण ते उशिरा खातात. तुमचा डबाही साडेनऊला भरतो आणि दीडला उघडतो. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, थंड ५ च्या खाली. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. भायखळ्यालाच जुलै २०१७ मध्ये ऐंशीच्या आसपास महिलांना उलट्या-जुलाब झाले, अन्न-पाण्यातून बाधेचा संशय होता.

म्हणून मेनू ठरवताना तो कधी खाल्ला जाणार ते बघा. मे महिन्यात ओल्या नारळाच्या वाटणाचा रस्सा दुपारच्या डब्यात नको, सुकी उसळ द्या. जेलमध्ये वाटपाआधी अधिकाऱ्याने जेवण बघायची, चाखायची पद्धत आहे. तुम्ही एक पाऊल पुढे जा. रोज एक डबा स्वतःकडे ठेवा आणि गिऱ्हाईक जेवतं त्याच वेळेला उघडून खा. कढईतली चव वेगळी, दीड वाजताची वेगळी.

३. माणसं

काही राज्यांच्या जुन्या जेल नियमांत स्वयंपाकाला 'योग्य' जातीचे आणि झाडूला खालच्या मानलेल्या जातीचे कैदी, अशी विभागणी होती. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सुकन्या शांता खटल्यात ती घटनाबाह्य ठरवली. आता खरं सांगा, केटरिंगच्या ऑर्डरला "बनवणारं कोण?" हा प्रश्न आपल्याकडे येतोच ना? माझा सल्ला: नखं, हात, केस, हेल्थ चेकअप आणि हाताची चव, एवढंच बघून माणूस ठेवा. आडनाव विचारणारी ऑर्डर सुटली तरी चालेल. जी गोष्ट जेलमध्ये चालत नाही ती आपल्या किचनमध्ये का चालावी?

आणि "कैद्यांच्या हाताला काय दर्जा असणार" म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातल्या बंदींनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळलेत. केरळमध्ये त्रिशूरजवळच्या विय्यूर जेलने २०१९ मध्ये १२७ रुपयांत बिर्याणीचा कॉम्बो स्विगीवर विकायला सुरुवात केली. हे गिऱ्हाईक उठून जाऊ शकत होतं, तरी घेत होतं. हात तेच, फक्त मोजमाप आणि जबाबदारी ठरलेली.

तर या आठवड्याचा होमवर्क: स्वयंपाकघरात वजनकाटा आणा, पाच पदार्थांचं एका डब्यामागचं वजन लिहून भिंतीवर चिकटवा. आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्यापासून कोणी तक्रारच करू शकणार नसेल, तर माझी डाळ आजच्याइतकीच घट्ट राहील का? उत्तर "हो" असेल तर कंपनीची ऑर्डर बिनधास्त घ्या. नसेल तर आधी सिस्टिम बसवा, ऑर्डर कुठे पळून जात नाही.

वजनाचा तक्ता तयार झाला की कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यावरून रेट कसा काढायचा ते बघू.