श्रद्धेचा हक्क आणि माणूस तोडण्याचा हक्क

असगर अली इंजिनिअर यांचा जन्म १० मार्च १९३९ रोजी राजस्थानातील सलुंबर येथे दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. वडील शेख कुर्बान हुसेन हे आमिल होते. आमिल म्हणजे धर्मगुरूंनी गावोगावच्या जमातीवर नेमलेला अधिकारी. नमाज पढवणे, निकाह लावणे आणि धार्मिक देणी गोळा करणे ही त्याची कामे. अरबी भाषा, कुराणाचे भाष्य, हदीस आणि धर्मशास्त्र हे सारे असगर अली वडिलांकडेच शिकले. पुढे त्यांनी उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि मुंबई महानगरपालिकेत सुमारे वीस वर्षे नोकरी केली. ज्या धर्मपीठाशी त्यांचा पुढे आयुष्यभर संघर्ष झाला, त्याचा कारभार त्यांनी लहानपणापासून घरातून पाहिला होता. त्यांच्या टीकेचे वजन ठरवताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

दाऊदी बोहरा हा शिया इस्माइली परंपरेतील पंथ. पंथाचे सर्वोच्च प्रमुख दाई-अल-मुतलक. त्यांना आदराने ‘सय्यदना’ म्हणतात आणि त्यांचे पीठ मुंबईत आहे. वयात येणाऱ्या प्रत्येक बोहऱ्याकडून ‘मिसाक’ ही निष्ठेची शपथ घेतली जाते. निकाह, दफन, हजयात्रा यांसाठी ‘रझा’ म्हणजे परवानगी लागते. शपथ मोडल्याचा ठपका आला की ‘बरात’ जाहीर होते. त्या व्यक्तीशी बोलणे, व्यवहार करणे, तिच्या घरी सोयरीक करणे, तिच्या मयताला जाणे, सगळे बंद. धर्मगुरूंना आव्हान देणारे असगर अली हे पहिले नव्हेत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मुंबईच्या न्यायालयात धर्मादाय पैशांच्या हिशेबावरून दावे लढवले गेले. बऱ्हाणपूरच्या बहिष्कृत बोहऱ्यांचा खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. दाईंना बहिष्काराचा अधिकार आहे, पण तो मनमानीने वापरता येत नाही, रीतसर प्रक्रिया पाळावी लागते, असा निकाल १९४७ मध्ये तिथे लागला.

१९७०च्या दशकाच्या आरंभी उदयपूरच्या बोहरा तरुणांनी नगरपालिकेच्या निवडणुकीत धर्मपीठाची मर्जी न सांभाळता आपले उमेदवार उभे केले. त्यातून पेटलेल्या वादात शेकडो कुटुंबांशी संबंध तोडले गेले. भाऊ भावाला आणि मुलगी माहेराला पारखी झाली. इंजिनिअर यांनी या बंडाची बाजू वर्तमानपत्रांतून मांडली आणि १९७२ पासून ते चळवळीत पुढे आले. १९७७ मध्ये उदयपूरला सुधारणावाद्यांची पहिली परिषद भरली. दाऊदी बोहरा समाजाच्या केंद्रीय मंडळाचे सरचिटणीस म्हणून त्यांची एकमताने निवड झाली. त्यांच्या मागण्या आजही डोळ्यांसमोर ठेवाव्यात अशा आहेत: समाजाकडून गोळा होणाऱ्या पैशाचा हिशेब द्यावा, ऐहिक व्यवहारांत परवानगीची सक्ती करू नये, बहिष्कार थांबवावा. दाईंचे धार्मिक स्थान नाकारावे अशी मागणी त्यांत नव्हती.

या मागण्यांची किंमत त्यांनी अंगावर झेलली. त्यांच्यावर अनेकदा हल्ले झाले. फेब्रुवारी २००० मध्ये मुंबईत त्यांचे घर आणि कार्यालय यांची मोडतोड झाली. १९८० मध्ये त्यांनी इस्लामी अभ्यासाची संस्था काढली, १९९३ मध्ये समाज आणि धर्मनिरपेक्षता यांच्या अभ्यासाचे केंद्र उभारले आणि इस्लाम, स्त्रियांचे हक्क, जातीय दंगली या विषयांवर पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. २००४ मध्ये स्वामी अग्निवेश यांच्यासोबत त्यांना ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला.

पंथातून तोडलेल्या टीकाकाराविरुद्ध पहिला आक्षेप नेहमी त्याच्या हेतूवर येतो. हा दुखावलेला माणूस आहे, त्याला पद हवे होते, तो सूड उगवतो आहे, म्हणून त्याची साक्ष ग्राह्य नाही, असा हा युक्तिवाद. तो केवळ बोहरा धर्मपीठाचा नाही. अमेरिकेत एल. रॉन हबर्ड यांनी १९५०च्या दशकात उभारलेल्या सायंटॉलॉजी पंथात विरोधकाला ‘सप्रेसिव्ह पर्सन’ म्हणजे दडपणारी व्यक्ती ठरवतात आणि अनुयायांनी त्याच्याशी संबंध तोडावेत अशी अपेक्षा असते. माइक रिंडर हे या पंथाचे प्रवक्ते होते. २००७ मध्ये ते बाहेर पडले आणि जगभर त्याचे टीकाकार म्हणून ओळखले जाऊ लागले. अभिनेत्री लीआ रेमिनी २०१३ मध्ये बाहेर पडल्या आणि २०१६ पासून त्यांनी रिंडर यांच्यासोबत माजी अनुयायांच्या कहाण्या दूरचित्रवाणीवर मांडल्या. पंथाने दोघांनाही खोटारडे आणि सूडाने पेटलेले ठरवले. पंथात राहिलेल्या मुलांनी रिंडर यांच्याशी नाते तोडले. मुंबईचे धर्मपीठ आणि अमेरिकेतला हा पंथ यांच्यामध्ये धर्म, भाषा, इतिहास यांपैकी काहीच समान नाही, तरी टीकाकाराला गप्प करण्याची रीत हुबेहूब तीच आहे. यावरून ती कोणत्याही एका धर्माच्या शिकवणुकीतून आलेली नसून सत्ता टिकवण्याच्या गरजेतून आलेली आहे, हे उघड होते.

हेतूवरचा हा आक्षेप तर्कातही टिकत नाही. बंद दाराआड काय चालते हे आतला माणूसच सांगू शकतो. आत राहून बोलणाऱ्याला तोडायचे आणि तोडल्यावर तो बाहेरचा झाला म्हणून त्याचे ऐकायचे नाही, असे ठरले तर साक्षीदार उरणारच नाही. दुखावलेल्याचे म्हणणे तपासून घ्यावे हे बरोबर आहे, आणि इंजिनिअर यांच्या बाबतीत ते तपासलेही गेले. जयप्रकाश नारायण यांनी स्थापन केलेल्या ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ या संघटनेने निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नाथवानी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. धर्मपीठाने आयोगाशी सहकार्य केले नाही. १९७९ मध्ये आलेल्या अहवालाने सुधारणावाद्यांच्या नागरी हक्कांची मोठ्या प्रमाणावर पायमल्ली होत असल्याचे नोंदवले. निव्वळ ऐहिक बाबींतही आज्ञा न पाळणाऱ्यांवर बहिष्कार लादला जातो आणि मिसाकची शपथ हेच त्याचे मुख्य साधन आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. एका माणसाच्या रागातून असा अहवाल उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप वरवर उदार दिसतो. पटत नसेल तर बाहेर पडा, कोणी अडवले आहे? हा सल्ला देणारा पंथाला क्लब समजतो. बोहऱ्याचा जन्म पंथात होतो. नातेवाईक, सोयरीक, दुकानातले गिऱ्हाईक, उधारी देणारा व्यापारी आणि शेवटची कबर हे सगळे त्याच वर्तुळात असते. बाहेर पडणे म्हणजे हे सारे एका दिवसात गमावणे.

मराठवाड्यातील वाचकाला हे समजायला मुंबईत बोहऱ्यांच्या भेंडीबाजारात जाण्याची गरज नाही. माजलगावसारख्या तालुक्याच्या गावात माणूस आठवडी बाजाराला, लग्नकार्याला, पाहुण्यारावळ्यांत आणि मयताच्या खांद्याला ओळखला जातो. भावकीने पंगतीतून उठवलेल्या, पोराबाळांच्या सोयरिकी अडलेल्या माणसाला ‘दुसरीकडे जा’ असे सांगणे निर्दयपणाचे आहे. माजलगावच्याच बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, २०२४ मध्ये जातपंचायतीने एका कुटुंबाला दंड ठोठावून वाळीत टाकल्याचा गुन्हा नोंदवला गेला. कारण होते आधीच्या पिढीतला प्रेमविवाह. धर्मपीठाची बरात आणि जातपंचायतीचे वाळीत टाकणे यांत अधिकारी वेगळे, विधी वेगळे. पण घरातल्या चुलीवर, मुलीच्या लग्नावर आणि म्हाताऱ्याच्या अंत्यविधीवर होणारा परिणाम एकच. म्हणून इंजिनिअर यांचा लढा हा एका छोट्या व्यापारी पंथाचा घरगुती तंटा ठरवता येत नाही.

तिसरा आक्षेप घटनेचा आधार घेतो आणि तोच सर्वांत वजनदार आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. एकावन्नावे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी या कायद्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. पंथाची एकजूट राखण्यासाठी धर्मबाह्य वर्तन करणाऱ्याला दूर करणे हा धार्मिक बाबींचे व्यवस्थापन करण्याच्या हक्काचा भाग आहे आणि अनुच्छेद २६ त्याला संरक्षण देतो, ही बहुमताची भूमिका होती.

या भूमिकेत तथ्य आहे, ते नाकारू नये. मशिदीत कोण नमाज पढवणार, मठात दीक्षा कोणाला मिळणार, चर्चमध्ये पाद्री कोण होणार, हे सरकारने ठरवायचे नसते. पंथाची श्रद्धाच मान्य नसणाऱ्याला पंथाने आपला म्हणू नये, हेही समजण्यासारखे आहे. पण बरात तिथे थांबत नाही. ती दुकानात शिरते, माजघरात शिरते, नवरा-बायकोच्या मध्ये उभी राहते. निवडणुकीत कोणाला उभे करायचे किंवा कोणते वर्तमानपत्र वाचायचे या प्रश्नांचा परमेश्वराशी संबंध नाही. त्यासाठी माणसाचे नागरी आयुष्य उद्ध्वस्त करण्याला धार्मिक बाब म्हणणे हा अनुच्छेद २६ चा ताणून केलेला अर्थ आहे. एकट्या पडलेल्या सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी आपल्या भिन्नमताच्या निकालपत्रात हेच ओळखले. बहिष्कृताची स्थिती त्याच्या समाजात अस्पृश्यासारखी होते, असे त्यांनी दाखवले आणि अनुच्छेद १७ चा आधार घेतला. ज्या देशाच्या घटनेने अस्पृश्यता संपवली, त्या देशात नवे अस्पृश्य निर्माण करण्याचा हक्क कोणत्याही पीठाला असू शकत नाही. १९६२ च्या निकालात बहुमत चार न्यायमूर्तींचे होते, पण न्याय एका न्यायमूर्तीच्या बाजूला होता.

सुधारणावादी मंडळाने १९८६ मध्ये या निकालाच्या फेरविचारासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती दशकानुदशके पडून राहिली. मधल्या काळात महाराष्ट्रात दुसऱ्या वाटेने काम झाले. २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मूठमाती अभियान उघडले आणि वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी राज्यभरातून पुढे आल्या. विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पीडिताला पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. या कायद्यातील ‘समाज’ म्हणजे फक्त जात नव्हे, एका धर्माचा किंवा पंथाचा गटही त्यात येतो. ही व्याप्ती फार मोलाची आहे.

बोहरा पंथाने रुग्णालये, शाळा, गृहयोजना उभारल्या, कोणी उपाशी राहू नये म्हणून सामूहिक भोजनाची व्यवस्था केली, हे खरे आहे. मुंबईचे सैफी रुग्णालय त्याची साक्ष देते. पण दानधर्म केला म्हणून हिशेब मागणाऱ्याला तोडण्याची मुभा मिळत नाही.

उरतो चौथा आक्षेप. अल्पसंख्य समाजातल्या उणिवा चव्हाट्यावर मांडल्या तर बहुसंख्याकांतील द्वेष्ट्यांच्या हाती कोलीत मिळते. हाच आरोप हमीद दलवाई यांच्यावर झाला होता. इंजिनिअर आणि दलवाई यांची वाट एक नव्हती. दलवाई नास्तिक होते. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करताना त्यांनी धर्मग्रंथापेक्षा विवेकाला प्रमाण मानले. इंजिनिअर मात्र शेवटपर्यंत श्रद्धावान राहिले आणि कुराणाच्या आधारानेच समता व स्त्रियांचे हक्क मांडत आले. पण हा आरोप इंजिनिअर यांच्या बाबतीत विशेषच अन्यायाचा आहे. १९६१ च्या जबलपूर दंगलीने ते हादरले आणि तेव्हापासून दंगलग्रस्त गावांत जाऊन कारणे शोधणे, अफवांची शहानिशा करणे, पोलिसांच्या पक्षपाताच्या नोंदी ठेवणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. बहुसंख्याकांच्या जातीयवादाविरुद्ध इतके लिहिणाऱ्या माणसाला त्याचा हस्तक म्हणणे हा कांगावा आहे. उलट, आतल्या अन्यायावर समाजच मौन पाळतो तेव्हा त्यावर बोलण्याची मक्तेदारी द्वेष्ट्यांकडे जाते.

इंजिनिअर यांच्या मांडणीत एक दुबळी जागा आहे, तीही सांगितली पाहिजे. खरा इस्लाम अशा पुरोहितशाहीला थारा देत नाही, यावर त्यांचा भर असे. धर्मग्रंथाचा अर्थ विरोधकही आपल्या बाजूने लावू शकतात, आणि हा वाद ग्रंथाच्या आधारे कधीच मिटत नाही. माणसाला वाळीत टाकता येऊ नये याचे कारण अमुक आयतीत सापडते म्हणून नव्हे, तर तो या देशाचा नागरिक आहे म्हणून. ग्रंथाने उद्या बहिष्काराला संमती दिली असे सिद्ध झाले तरी त्या नागरिकाचा हक्क कमी होत नाही. त्यांच्या चळवळीला सर्वांत भक्कम आधार घटनेचाच होता.

१४ मे २०१३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचा दफनविधी सांताक्रूझ येथील सुन्नी कब्रस्तानात झाला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६२ चा निकाल फेरविचार करण्याजोगा असल्याचे म्हटले आणि हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. तो निकाल लागेल तेव्हा लागेल. २०१६ चा कायदा मात्र मुंबईच्या बोहरा मोहल्ल्याला आणि बीड जिल्ह्यातल्या जातपंचायतीला सारखाच लागू आहे. वाळीत टाकलेला माणूस तक्रार घेऊन दारात आला तर माजलगावच्या ठाण्यातील अंमलदाराने ‘हा तुमचा समाजाचा प्रश्न आहे, आपसात मिटवा’ असे सांगून त्याला परत पाठवू नये. गुन्हा नोंदवावा.