खपली, रानटी गहू आणि आपली पोळी

“डॉक्टर, शुगर आहे, खपली सुरू करू का?” सातारा-सांगलीकडे हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. खपली चांगली आहेच; पण तिला औषध म्हणून विकणे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचे खरे मोल वेगळे आहे.

खपली म्हणजे काय?

पोळीच्या नेहमीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, खपलीत २८. दाण्यावरचे टरफल सहज सुटत नाही. तिचा पूर्वज असलेला रानटी गहू पश्चिम आशियात आजही उगवतो. त्यातले एक जनुक शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमके ओळखले. पीक पिकताना ते पानांतील प्रथिने, लोह आणि जस्त दाण्याकडे वळवते. शेतातल्या बहुतेक गव्हांत ते निकामी झाले आहे. संकराने परत आणता येते. खपलीनेही असे दान दिले आहे. तांबेऱ्याला तोंड देण्याची तिची ताकद ऑस्ट्रेलियातील ‘खॅपस्टीन’ गव्हात उतरवली गेली. नावातही आपली खपली आहे!

ताटात किती फरक पडतो?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ६४७८ हा पोळीचा गहू पाहा. कोरेगाव तालुक्यातील करंजखोपच्या शेतकऱ्यांना त्याने जवळपास दुप्पट उत्पादन दिले. त्यात किलोमागे सुमारे ४३ मिलिग्रॅम लोह आहे. सर्वसाधारण वाणांत २८ ते ३२. म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम कणीक खाल्ली तर ६ ऐवजी साडेआठ मिलिग्रॅम. स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे. फरक उपयोगाचा आहे, पण पुरेसा नाही. शिवाय धान्यातले सगळे लोह शरीरात शोषले जात नाही.

म्हणून लक्षात ठेवा:

• रक्तक्षय असेल तर लोहाच्या गोळ्या बंद करू नका. गरोदरपणात तर मुळीच नाही.
• जेवणात लिंबू घ्या. जेवणाबरोबर चहा टाळा.
• कणीक चाळून कोंडा फेकू नका. लोह-जस्त तिथेच जास्त असते.
• मधुमेहात खपलीची पोळीही मोजूनच खा. तीही पिष्टमयच.
• सीलिॲक आजारात खपली वर्ज्य. तिच्यातही ग्लुटेन असते.

माझे म्हणणे

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांतल्या किती जणींना महागडी खपली परवडेल? म्हणून पोषक गहू रेशनवर आणि शाळेच्या पोषण आहारात यायला हवा. चांगला दाणा श्रीमंतांच्या डब्यापुरता राहू नये.

आणि शेतकरी बांधवांनो, खपलीचे घरचे बियाणे मोडू नका. उद्याच्या चांगल्या गव्हाचे भांडवल त्यातच आहे.