डोंगरगाडी आणि हक्काची रजा



अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलेली मंडळी घरी परतली, की आपल्या वस्त्यांतून दिवाळीच्या सुट्टीची बोलणी सुरू होतात. शाळा बंद, मुले मोकळी. "यंदा कुठे जायचे?" या प्रश्नाची दोनच उत्तरे वर्षानुवर्षे ठरलेली आहेत. एक तर गावाला, नाही तर नातेवाइकांकडे. थंड हवेच्या ठिकाणी जाणे, डोंगर बघत बसणे, हे पैसेवाल्यांचे चोचले, असे घरातली वडीलधारी माणसे सहज बोलून जातात. त्यांचे बोलणे अनुभवाचे आहे. ज्यांनी खडी फोडली, रस्ते बांधले, त्यांच्यासाठी डोंगर म्हणजे राबण्याची जागा. पण आम्हांस वाटते, ही समजूत आता मोडली पाहिजे, आणि ती का मोडावी याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

सुट्टी ही कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तोवर गिरणीत, कारखान्यात राबणाऱ्या माणसाला खाडा म्हणजे पगार कापला, एवढेच ठाऊक होते. १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही चालणाऱ्या कारखान्यांत बारा महिने सलग नोकरी केलेल्या प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने त्याच कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. या दोन्ही सुधारणा बाबासाहेबांच्या मजूर खात्याने पुढे आणलेल्या. आज आपल्या घरातला मुलगा बँकेत असतो, सून शाळेत शिकवते आणि "माझ्या चार रजा शिल्लक आहेत" असे सहज म्हणते. त्या शिल्लक रजेमागे हा इतिहास उभा आहे. मग ती रजा नुसती लग्नकार्यात आणि आजारपणातच संपवायची का? दोन-चार दिवस मुलाबाळांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन मोकळ्या हवेत जाणे, हाही त्या हक्काचा उत्तम उपयोग आहे.

या विचाराने २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सात माणसे माथेरानला गेलो. सोबत मुलांची आजी होत्या. वय बहात्तर. सगळा जन्म सफाई खात्यात झाडू मारण्यात गेलेला, त्यामुळे गुडघे पार झिजलेले. आधी त्या येईनातच. "मी काय करू तिथं?" हेच पालुपद. शेवटी धाकट्या नातीने "आगगाडी डोंगर चढते, आजी" असे सांगितले तेव्हा त्या तयार झाल्या.

आगगाडी खरोखरच डोंगर चढते. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील नेरळ स्टेशनातून ही मिनी ट्रेन सुटते. रुळांची रुंदी अवघी दोन फूट. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंच, तर माथेरान सुमारे आठशे मीटर. एवढा चढ सरळ चढणे साध्या इंजिनाला जमणार नाही. म्हणून हा लोहमार्ग डोंगराला वळसे घालीत, एकवीस किलोमीटरचा फेरा घेऊन वर जातो. सर्वांत उभा चढ असा, की वीस फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर चढलेली असते. वेग सायकलच्या बरोबरीचा. अडीच तासांहून अधिक वेळ लागतो, पण कंटाळा येत नाही. आता उजवीकडे दिसणारी दरी पुढच्या वळणानंतर डावीकडे येते, आणि मघाशी पार केलेला रूळ खाली दोरीसारखा पडलेला दिसतो. मुले वळणे मोजू लागली आणि शंभराच्या आतच त्यांचा हिशेब चुकला.

पहिले स्टेशन जुम्मापट्टी, मग वॉटर पाईप. मुलांनी विचारले, स्टेशनला असले नाव का? वाफेची इंजिने होती तेव्हा ती येथे पाणी भरून घेत. पुढे डिझेलची इंजिने आली, नाव मात्र राहिले. मग एक छोटासा बोगदा लागतो, त्यानंतर अमन लॉज आणि शेवटी माथेरान. पावसाळा संपून महिना झाला होता. गवत पिवळे पडू लागले होते, पण कड्यांच्या कपारींतून पाणी अजून झिरपत होते. वर जाऊ तशी झाडी दाट आणि हवा गार होत गेली.

आजी खिडकीशी बसल्या होत्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हा डोंगर खोदला कुणी?"

आम्ही वाचलेले सांगितले. मुंबईचे गिरणीमालक सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केले, १९०७ साली गाडी धावली, खर्च सोळा लाख रुपये. आजी म्हणाल्या, "ते पैशाचं झालं. पहारी कुणी मारल्या?" त्यांची नावे आम्ही वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हती. आणि हे काम एकदाच करून संपणारेही नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात हा मार्ग जागोजागी वाहून गेला. तो पुन्हा उभा करायला २००७ उजाडले. २०१९ च्या पावसाने पुन्हा मोडला. त्यानंतर नेरळहून माथेरानपर्यंतची गाडी सुरू झाली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवतात, आणि रुळांवरची दगडमाती काढून मार्ग तपासल्यावरच गाडी सोडतात. आपण खिडकीतून दरी पाहतो, तेव्हा खाली कुणी तरी रूळ ठोकून ठेवलेला असतो. मुलांना हे सांगितले पाहिजे.

माथेरानचेही तसेच. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला, असे आपण वाचतो. पण डोंगराच्या पायथ्याशी आणि अंगाखांद्यावर ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून राहत होते. त्यांच्या पायवाटा होत्याच. साहेब वर चढले तेही वाटांनीच. याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. शिकून वकील झाले, गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि स्वातंत्र्यलढ्यात भूमिगत होऊन २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडले. सहलीला गेलेल्या मुलांना पॉइंटांची नावे पाठ होतात. भाई कोतवालांचे नावही त्यांच्या कानावर घालावे.

आता सांगावयाची मुख्य गोष्ट. माथेरानात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे हवा स्वच्छ आणि लाल मातीचे रस्ते शांत. आम्ही गेलो तेव्हा चालता येत नसेल तर घोडा, नाही तर हातरिक्षा, अशी सोय होती. हातरिक्षा म्हणजे एक जण पुढून दांड्या धरून ओढायचा, मागून एक-दोघे ढकलायचे आणि मध्ये प्रवासी बसायचा. गाडीतून उतरून बाहेर आलो. आजींचे गुडघे पाहून एक चाळिशीतले रिक्षावाले पुढे आले. "आजी, बसा. हळू नेतो."

आजींनी मान हलवली. "नाही रे बाबा. माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसायची नाही."

ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आजी, तुमचं मन मोठं आहे. पण सगळ्यांनीच असं म्हटलं तर आमच्या घरी चूल कशी पेटायची?"

आम्ही सगळेच निरुत्तर झालो. माणुसकी म्हणून बसायचे नाही म्हणावे, तर त्याची भाकरी जाते. भाकरी म्हणून बसावे, तर आपले वजन त्याच्या छातीवर. शेवटी आजीच म्हणाल्या, "तुझा रोज मला बुडवायचा नाही. हे सामान ठेव गाडीत. मी तुझ्याबरोबर चालते. जो दर असेल तो घे."

रिक्षात बॅगा बसल्या आणि आजी बाजूने चालल्या. वाटेत चार वेळा टेकल्या. रिक्षावाले दर वेळी थांबले. गप्पांतून कळले, की त्यांच्या वडिलांनीही हेच काम केले. चढावर दम लागतो, कंबर धरते. मुलाला मात्र या दांड्या हातात द्यायच्या नाहीत, असे त्यांनी ठरवले होते. "आम्हाला बॅटरीवरची रिक्षा द्या, एवढंच मागणं आहे. त्यासाठी आमची माणसं कोर्टात गेलीत," ते म्हणाले.

हे त्यांचे बोलणे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. हातरिक्षा बंद करा, ही मागणी केवळ सहलीला आलेल्या दयाळू माणसांची नव्हती. रिक्षा ओढणाऱ्यांची संघटनाच त्यासाठी झगडत होती. पर्यावरणाच्या नियमांमुळे माथेरानात इंजिनाचे वाहन चालत नाही, म्हणून माणसाने ओढायचे, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने आदेश दिला, की माथेरानातील हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. पण तेवढ्यावर थांबले नाही. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षांची योजना करावी, ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे आणि पैसा नाही ही सबब सरकारने सांगू नये, असेही बजावले.

नुसती बंदी घातली असती, तर त्या रिक्षावाल्यांचा प्रश्न तसाच राहिला असता. दांड्या सुटल्या पाहिजेत आणि चूलही पेटली पाहिजे. बाबासाहेबांनी पगारी रजा आणली तेव्हा हेच केले होते. विश्रांती घे, पण उपाशी राहू नकोस. प्रतिष्ठा आणि पोट या दोन गोष्टी वेगळ्या करून कुणाला निवड करायला लावणे हाच मुळात अन्याय आहे. आपल्या समाजाने हा अन्याय पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. गावकीची अपमानाची कामे सोडली तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांपुढेही हाच पेच होता. म्हणून सहलीच्या ठिकाणी ओझे वाहणाऱ्या, चहा देणाऱ्या, खोली झाडणाऱ्या माणसाकडे आपण इतर प्रवाशांहून वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. त्याला अहो-जाहो करावे. ठरलेल्या दरात घासाघीस करू नये. आपला कचरा आपण परत आणावा, कारण तो कुणा तरी भगिनीलाच वेचावा लागतो.

आता जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. पावसाळ्यानंतर नेरळची गाडी कधी सुरू होईल, हे रुळांच्या तपासणीवर अवलंबून असते. तेव्हा रेल्वेकडे चौकशी करूनच निघावे. सुट्टीच्या दिवसांत डब्यांत जागा कमी आणि गर्दी फार, म्हणून सकाळी लवकर नेरळ गाठावे. गाडी मिळाली नाही तर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येते आणि तेथून जवळच्या अमन लॉजहून माथेरानची शटल गाडी मिळते. म्हाताऱ्या माणसांसाठी ही शटल मोठी सोय आहे, कारण ती थेट बाजारपेठेत उतरवते. प्रवेशासाठी नगरपरिषदेचा कर भरावा लागतो. खाण्याचे पदार्थ पिशवीत झाकून ठेवावेत. माकडे हातातून ओढून नेतात. संध्याकाळी गारवा असतो, लहानांना स्वेटर घ्यावा. शनिवार-रविवार टाळला तर खर्चही कमी होतो.

आणि एक विनंती आमच्या भगिनींना. सहलीला जाऊनही स्टोव्ह, पीठ आणि पोळपाट-लाटणे बरोबर नेणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. पुरुष पॉइंट पाहतात आणि बाई खोलीत पोळ्या लाटते. पगारी रजा कामगाराला मिळाली, घरातल्या बाईला ती अजून कुणी दिलेली नाही. निदान सहलीचे दोन दिवस तरी तिला ती द्या. घरून दशम्या-चटणी न्या, एक वेळ झुणका-भाकर विकत घ्या, पण तिच्या हाती लाटणे देऊ नका.

येत्या सुट्टीत माथेरान नाही जमले, तर जवळचा एखादा डोंगर बघा, लेणी बघा. पण जा, आणि घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला आधी खिडकीची जागा द्या. परत आल्यावर मुलांना चार ओळी लिहायला सांगा आणि आमच्याकडे पाठवा. या पानावर त्यांना जागा देऊ.

जयभीम!