जामखेडचा आकडा, पुण्यातील पट्ट्या

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या सुमारास परिसरात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत, अशी प्रकल्पाची नोंद सांगते. गावातीलच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन हे प्रमाण झपाट्याने खाली आणल्याचा प्रकल्पाचा दावा होता. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचे नाव जगभर पोहोचले. नगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, या कार्याचा सार्थ अभिमान आहे. परंतु पुरस्कार हा पुरावा नव्हे. पडताळणी झाली ती बऱ्याच वर्षांनी. लंडनमधील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने प्रकल्पातील गावे आणि प्रकल्पाबाहेरील तशीच गावे निवडली, तेथील स्त्रियांकडून बाळंतपणांचा तपशील गोळा केला आणि दोहोंची तुलना करून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. जन्मानंतरचा पहिला महिना उलटल्यावर बालमृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यातील मृत्यूंत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. दाव्याचा एक भाग टिकला, एक भाग टिकला नाही, आणि त्यामुळे जामखेडची पत घटली नाही. उलट जे टिकले त्यावर आता परक्यानेही विश्वास ठेवावा, अशी स्थिती आली.

जैववैद्यकीय प्रयोगशाळांत ही गोष्ट इतक्या सहजी घडत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेतील प्रकरण या संदर्भात पुन्हा आठवण्याजोगे आहे. ही संस्था देशभरच्या प्रयोगशाळांना प्रयोगासाठी पेशी पुरवते. म्हणजे इतरांच्या प्रयोगांचा पायाच तेथून जातो. तेथील डॉ. गोपाल कुंडू यांना २००४ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला होता. त्यांच्या गटाचा कर्करोगाशी संबंधित एक निबंध ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ या अमेरिकी नियतकालिकात २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे निनावी तक्रार आली की, यातील काही चित्रे त्याच गटाच्या आधीच्या निबंधातील असून केवळ नावे बदलून ती वापरली आहेत. ही चित्रे म्हणजे प्रथिनांचे अस्तित्व दाखवणाऱ्या काळ्या पट्ट्या. सामान्य वाचकाला सगळ्या सारख्याच दिसाव्यात अशा. पण निबंधाचा सारा डोलारा त्यांच्यावरच उभा असतो.

येथून पुढचा घटनाक्रम अधिक बोलका आहे. डॉ. जी. पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी करून गैरप्रकार झाला नसल्याचा निर्वाळा दिला. दिल्लीच्या ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ या स्वयंसेवी संस्थेने तेच पुरावे पाहून नेमका उलट निष्कर्ष काढला. नियतकालिकाने फेब्रुवारी २००७ मध्ये निबंध मागे घेतला. डॉ. कुंडू यांनी आरोप नाकारले. तरीही बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने त्यांना पुढे तीन वर्षे आपल्या कामकाजापासून दूर ठेवले. पट्ट्या त्याच, तपासणारे मान्यवर, आणि निकाल परस्परविरोधी! दोषी कोण, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. अमेरिकेत सरकारी निधीवरील आरोग्य संशोधनासाठी १९९२ पासून सचोटीची देखरेख करणारे स्वतंत्र कार्यालय आहे. आपल्याकडे अशी कायदेशीर अधिकार असलेली यंत्रणा आजही नाही. ज्या संस्थेची अब्रू पणाला लागली, तिनेच समिती नेमायची, हा रिवाज मात्र पक्का आहे.

अर्थात प्रत्येक न जुळणारा प्रयोग ही लबाडी नसते, हेही सांगितले पाहिजे. ‘अ‍ॅमजेन’ या औषध कंपनीने कर्करोगावरील ५३ गाजलेले निष्कर्ष आपल्या प्रयोगशाळेत तपासले. २०१२ मध्ये जाहीर झाले की, त्यांपैकी केवळ सहाच जुळले. २०२१ मध्ये पूर्ण झालेल्या आणखी एका मोठ्या उपक्रमात १९३ प्रयोग पुन्हा करण्याचे ठरले होते. मूळ निबंध वाचून संपूर्ण कृती ठरवता येईल असा त्यांत एकही निघाला नाही. अखेर ५० प्रयोगच पार पडले. पेशी भलत्याच निघतात, रसायनाची तुकडी बदलते, नमुने अपुरे असतात, आणि जुळलेला प्रयोग छापला जाऊन न जुळलेला कपाटात राहतो. येथे खोटे कोणी बोललेले नसते, परंतु खरेही हाती लागत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासूनचे. विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. देशातील अशा प्रत्येक महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा असतो. दिवसभर बाह्यरुग्ण विभाग, रात्री प्रसूतिकक्ष किंवा अपघात विभाग, आणि उरल्या वेळात ‘संशोधन’! शिक्षकांची स्थिती निराळी नाही. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने पदोन्नतीसाठी शोधनिबंध आवश्यक केले आणि २०२० मध्ये तिच्या जागी आलेल्या राष्ट्रीय आयोगाने ती अट सोडली नाही. निबंध मोजले जाऊ लागले की निबंध पिकू लागतात. पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये, विद्यापीठांच्या शिफारशीवरून अनुदान आयोगाच्या मान्य यादीत शिरलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली. ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. संगणक उसनी वाक्ये पकडतो हे खरे. पण स्वतःच्या शब्दांत लिहिलेला काल्पनिक रक्तदाब तो कसा पकडणार?

यावर फार मोठ्या खर्चाची गरज आहे, असे वाटत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याकडून ‘नवे’ काही मागण्यापेक्षा, आधीच्या एखाद्या प्रबंधातील निष्कर्ष दुसऱ्या तालुक्यातील रुग्णांवर काटेकोरपणे तपासणे हाही प्रबंधच मानावा. जुळले नाही तरी तो उत्तीर्ण व्हावा. मूळ नोंदवह्या, चित्रे आणि तक्ते मार्गदर्शकाच्या खणात न राहता ग्रंथालयात जमा व्हावेत. आणि तक्रार आली, तर चौकशी समितीत त्या संस्थेचा एकही पगारदार नसावा. नोंदवह्या जमा करण्याचा नियम तर एखादी विद्यापरिषद पुढच्या बैठकीतही करू शकते; त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.