विहीर आठवते, वाहिनी विसरते

हिवाळ्याच्या पहाटे शेलूतील घरांत खोबरेल तेल बाटलीतच थिजते. याच रायगड जिल्ह्यातील उरणला मुंबई हायचे खनिज तेल समुद्रतळावरील वाहिनीतून येते, तेव्हा त्यातील मेणही असेच गोठू पाहते. भूगर्भातून उष्ण निघालेले तेल वाटेत निवते. मेण वाहिनीच्या आतल्या अंगाला चिकटते आणि मार्ग अरुंद होतो. ते खरवडण्यासाठी ‘पिग’ नावाचे साधन प्रवाहाच्याच दाबाने आतून पुढे ढकलले जाते.

‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, इतिहास बहुधा इथेच थांबतो. हे अपुरे आहे. शोध एकदाच लागतो, वाहिनी मात्र सतत मोकळी ठेवावी लागते. त्या अखंड श्रमांनाही पहिल्या विहिरीइतकेच मानाचे पान मिळायला हवे.